काजळबाई आणि पुलाची फाईल

तीन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून ती परत आली, तेव्हा तिच्या हातात एक प्रमाणपत्र होतं, पिशवीत काळ्या मार्करांचं खोकं होतं आणि डोक्यात एकच वाक्य घुमत होतं : 'शंका आली, की झाका.'

वाक्य प्रशिक्षकाचं. त्याने ते तीन दिवसांत इतक्या वेळा म्हटलं होतं, की शेवटी सगळा वर्गच त्याच्याबरोबर तालात म्हणू लागला होता.

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत गावाच्या सगळ्या फायली असत. लोक तिला कागदखोली म्हणत. तिथे ती एकोणीस वर्षं काम करत होती. कुणीही यावं, अर्ज द्यावा आणि खिडकीशी उभं राहून हवी ती फाईल वाचावी, अशी पद्धत. लोकांना सरकारी कागद बघण्याचा हक्क देणारा कायदा जुनाच होता आणि ती तो मनापासून पाळायची. मग नवा कायदा आला. लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर, आजारपणं जपायची. ती भलत्याच्या हाती लागू द्यायची नाहीत, असा. त्याची जबाबदारी कचेरीतल्या एकाने प्रशिक्षण घेऊन सांभाळायची होती. वरच्या मजल्यावर बैठक झाली, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बैठकीला हजर नसलेल्या एकमेव व्यक्तीचं नाव एकमताने मंजूर झालं.

तिला राग आला नाही. उलट बरंच वाटलं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी याच खिडकीशी उभं राहून एका बाईच्या अर्जावरचा फोन नंबर उतरवून घेतला होता. त्या बाईला इतके नको ते फोन आले, की शेवटी तिने नंबर बदलला. नंतर ती खिडकीशी आली आणि तिने शांतपणे एवढंच विचारलं, "माझा नंबर कुठून गेला?" तो प्रश्न हिच्या मनात रुतून बसला होता.

त्यामुळे मार्करचं पहिलं टोपण उघडलं, ते तिने अगदी जीव ओतून.

पहिल्या आठवड्यात तिने अर्जांवरचे फोन नंबर झाकले. दुसऱ्या आठवड्यात नावं झाकली. तिसऱ्या आठवड्यात हात असा बसला, की वाचनालयाच्या उद्घाटनाच्या फोटोखालची पाहुण्यांची नावंही गेली. फलकावर सूचना लागली : 'हिरवी छत्री सापडली आहे. सापडल्याचे ठिकाण' आणि पुढे काळी पट्टी. एक गृहस्थ स्वतःच दिलेला अर्ज बघायला आले. कागदाकडे बघत त्यांनी विचारलं, "हे माझंच नाव आहे ना, इथे खाली?"

"असेल," ती म्हणाली. "मी सांगू शकत नाही."

महिन्याभरात तिला नाव पडलं : काजळबाई. तिच्या कानावर ते आलं, तेव्हा ती आधी फुरंगटली. मग आरशात पाहिलं, तर खरोखरच गालावर मार्करचा फराटा होता.

अशातच पुलाचा अर्ज आला.

गावाच्या मधून कालवा जायचा आणि त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी लोखंडी सांगाड्याचा, लाकडी फळ्यांचा एक पूल होता. चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले आणि पाटी लागली : 'पूल बंद आहे.' का बंद आहे, कधी उघडणार, काही नाही. दोन मिनिटांत पलीकडे जाणारी माणसं मोठ्या रस्त्याने पाऊण तासाचा वळसा घालू लागली. सुरुवातीला लोक चिडले, मग कुरकुरले, मग सवयीने गप्प झाले.

गप्प झाल्या नाहीत त्या मास्तरीणबाई. शाळेत तीस वर्षं व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची धाकटी बहीण कालव्यापलीकडे राहायची आणि दोघींचा रोज संध्याकाळी पत्त्यांचा डाव रंगायचा. पूल बंद झाला, गुडघ्यांना वळसा झेपेना, म्हणून दोघी आपापल्या काठावर खुर्ची टाकून बसत आणि ओरडून गप्पा मारत. दोघींची गुडघेदुखी, दोघींच्या सुना, कुणाला किती वाजता झोप लागली, हे सगळं दोन्ही काठांना पाठ झालं होतं. एकदा पलीकडून बहिणीने जावयाबद्दल काही विचारलं आणि मास्तरीणबाईंनी उत्तर द्यायच्या आत अलीकडच्या तीन खिडक्यांतून उत्तर गेलं. त्याच दिवशी त्यांनी अर्ज लिहिला : 'पुलाची संपूर्ण फाईल पाहण्यास मिळावी.'

अर्ज नियमाप्रमाणे वर मुख्याधिकाऱ्यांकडे गेला. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पण तो अर्ज दोन दिवस त्यांच्या टेबलावर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी काजळबाईला बोलावलं.

"त्या फायलीत लोकांची नावं आहेत म्हणे," साहेब पेपरवेट फिरवत म्हणाले. "तुमचा नवा कायदा आहे ना? तो लावा. नीट लावा."

तिने लावला. अकरा पानांची झेरॉक्स काढली आणि खाली बसून, वाचण्याच्या भानगडीत न पडता, शंका येईल तिथे पट्टी ओढत गेली. सगळीकडेच शंका येत होती. दोन मार्कर संपले.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई खिडकीशी आल्या. त्यांनी सातवीत तिलाही शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना बघताच काजळबाई नकळत उठून उभी राहिली. बाईंनी चष्मा चढवला, पानं हाती घेतली आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'आणि'," त्या म्हणाल्या. पान उलटलं. "'तथापि'." पुढचं पान. "'सबब'." मागे रांगेत उभी असलेली माणसं पुढे सरकली. "'वरील प्रमाणे', हे तोडून लिहिलंय, जोडून हवं. पुढे? 'पूल'. बरं झालं, विषय तरी कळला." शेवटच्या पानावर त्या जरा थबकल्या. "इथे एक स्वल्पविराम राहिलाय गं. तोही कुणाचा खासगी आहे का?"

रांगेची हसून मुरकुंडी वळली. नळजोडणीच्या अर्जासाठी आलेला एक माणूस तर भिंतीला टेकून डोळे पुसत होता. काजळबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मास्तरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पानं नीट जुळवून परत ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू वर्गात हुशार होतीस. पाठ करायची नाहीस, समजून घ्यायचीस." आणि काठी टेकत निघून गेल्या.

हसणं तिला सोसलं असतं. हे वाक्य काही सोसेना.

घरी तिची आत्या असायची. आईवडिलांमागे तिनेच हिला वाढवलं होतं. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती; गावात जेमतेम दोनशे फोन होते तेव्हा प्रत्येकाची तार तिच्या हाताखालून जायची. आता ती वाटाणे सोलत बसली होती.

"अकरा पानं काळी करून दिलीस?" सगळं ऐकून आत्या म्हणाली. "शाबास गं बाई. त्यापेक्षा कोळशाचं पोतंच द्यायचंस."

"तू तरी नको हसूस. तुला काय माहीत, कुणाची माहिती बाहेर गेली तर काय होतं."

आत्याचा हात थांबला. "मला नाही माहीत? अगं, कोण कुणाशी भांडलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाला कसला आजार, सगळं या कानांनी ऐकलंय. यातलं एक अक्षर कधी माझ्या तोंडून बाहेर पडलंय? तुला तरी सांगितलंय?"

"नाही."

"पण म्हणून मी कुणाची लाईन तोडली नाही. डॉक्टर मागितला तर डॉक्टर जोडून दिला. आपल्याला कळलं ते गिळायचं आणि ज्याला हवंय त्याला जोडून द्यायचं. दोन्ही कामं माझीच. तारा तोडून बसले असते, तर गुपितं सगळी राहिली असती. पण मग त्या खुर्चीत मी कशाला हवी होते? एखादं मांजर बसवलं असतं तरी चाललं असतं." तिने वाटाण्याची शेंग पुढे केली. "बरं, मला सांग, त्या फायलीत लिहिलंय काय?"

काजळबाई शेंग हातात धरून तशीच बसली. फायलीत काय लिहिलं होतं ते तिने वाचलंच नव्हतं.

सकाळी कचेरी उघडायच्या अर्धा तास आधी ती कागदखोलीत होती. तिने मूळ फाईल काढली, स्टुलावर बसली आणि पहिल्यापासून वाचू लागली.

पहिलं पान एका बाईचं पत्र होतं. हिला ती माहीत होती. पुलाच्या तोंडाशीच राहणारी, इस्पितळातली नर्स. तिने लिहिलं होतं, की मी रात्रपाळी करते, दिवसा झोपते, आणि पुलाच्या फळ्या इतक्या खडखडतात की डोळ्याला डोळा लागत नाही. तर फळ्यांखाली काही मऊ बसवता येईल का? त्यानंतर पाहणी करणाऱ्या इंजिनिअरचा अहवाल : चार ठिकाणचे बोल्ट गंजले आहेत, पूल तात्काळ बंद करावा. मग दुरुस्तीचे कागद. मग दुसरी पाहणी. आणि शेवटचं, अकरावं पान. तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'सर्व बोल्ट बदलले आहेत. एका नागरिकाच्या सूचनेनुसार फळ्यांखाली रबरी पट्ट्या बसवाव्यात. पूल वापरास खुला करण्यास हरकत नाही. मुख्याधिकारी यांच्या सहीसाठी सादर.'

सहीची जागा कोरी होती. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची.

तिने पान उलटसुलट करून पाहिलं. पूल अकरा महिने धडधाकट उभा होता. कुणी काही दडपलं नव्हतं, कुणी काही खाल्लं नव्हतं. फक्त एक सही राहिली होती. ती का राहिली तेही कोपऱ्यात दिसत होतं. 'साहेब रजेवर' असा शेरा होता; तेवढ्या दिवसांत कुणीतरी ही फाईल निकाली निघालेल्या फायलींच्या गठ्ठ्यात घातली होती आणि गठ्ठा कागदखोलीत आला होता. तो उतरवून घेतल्याचा शिक्का होता. शिक्क्याखाली सही होती ती तिची. परवा त्या सहीवरही तिने नेमाने पट्टी ओढली होती.

मग, कसं कोण जाणे, तिला हसू फुटलं. रिकाम्या खोलीत, फायलींच्या मधे बसून ती एकटीच हसत राहिली.

साहेब आले तेव्हा ती त्यांच्या दाराशी फाईल घेऊन उभी होती. तिने अकरावं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं नाही. त्यांना ते ठाऊक असावं.

"अर्ज आला तेव्हा मी शोधून पाहिलं," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "अकरा महिने, बाई. लोकांना काय तोंड दाखवू? म्हटलं, तुमचा कायदा आहे तर जरा आडोसा होईल. मग सावकाश सही करून टाकू."

"साहेब, कायदा माणसांच्या आडोशासाठी आहे. पुलाला खासगी आयुष्य नसतं."

"पण त्यात माझी चूक दिसते."

"माझीही दिसते. शिक्का बघा." तिने बोट ठेवलं. "खासगी माहितीत काय काय येतं, त्याची यादी मी सकाळी पुन्हा वाचली. नाव येतं, पत्ता येतो, आजार येतो, बोटांचे ठसे येतात. चूक कुठेच नाही."

साहेबांनी पेपरवेट उचललं, खाली ठेवलं. "आणि इंजिनिअरचं नाव? तेही उघडं ठेवणार?"

"त्यांनी गावाचं काम केलंय, चांगलं केलंय. नाव राहील. त्यांचा घरचा नंबर झाकते. तुमचा हुद्दा राहील, माझी सही राहील. त्या पत्र लिहिणाऱ्या बाईचं नाव झाकणार, पत्ता झाकणार आणि 'मी रात्रपाळी करते, दिवसा झोपते' हे शब्दसुद्धा झाकणार."

"शब्द कशाला?"

"पुलाच्या तोंडाशी रात्रपाळी करणारं घर एकच आहे, साहेब. नाव झाकून तेवढं ठेवलं, तर झाकल्यासारखं नुसतं दिसेल."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेवर सही केली. तारीख मात्र आजचीच घातली, हे तिने नीट पाहून घेतलं.

दुपारी चारला, नर्स उठली असेल अशा बेताने, ती पुलाच्या तोंडाशी गेली. दार उघडणाऱ्या नर्सने तिच्या हातातली फाईल पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"कळलं ना सगळ्यांना?" ती म्हणाली. "माझ्यामुळे पूल बंद झाला ते?"

"तुमच्यामुळे?"

"मी पत्र टाकलं आणि आठवड्यात पत्रे ठोकले. ताई, मला फक्त थोडी झोप हवी होती हो. कुणाचा रस्ता अडवायचा नव्हता. चौदा महिने मी या गल्लीतून खाली मान घालून जाते. त्या मास्तरीणबाई काठावर बसून ओरडतात ना, तेव्हा मी कानावर उशी घेते. आवाजाने नाही, लाजेने."

काजळबाईने दारातच फाईल उघडली. "हे वाचा. पाहणीची तारीख बघा. आता तुमचं पत्र आल्याचा शिक्का बघा."

नर्सने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. इंजिनिअर पूल बघून गेला होता तो तिचं पत्र कचेरीत पोहोचायच्या नऊ दिवस आधी. बोल्टच गंजले होते. पत्राचा आणि पत्र्यांचा काही संबंध नव्हता. उलट, रबरी पट्ट्यांची तिची सूचना तेवढी कुणीतरी ऐकली होती.

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही."

नर्स उंबऱ्यातच मटकन बसली आणि रडता रडता हसू लागली. काजळबाई तिच्याशेजारी बसली. हा कागद अकरा महिने आपल्या फळीवर पडला होता, आणि परवा तर आपणच तो काळा करून ठेवला होता, हे तिला आत कुठेतरी टोचत होतं. काळ्या पट्टीखाली ही बाईसुद्धा अडकली होती.

"नाव बाहेर जाणार नाही ना?" नर्सने नाक पुसत विचारलं.

"माझ्याकडून नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंना नवी प्रत मिळाली. अकरा पानं आणि उण्यापुऱ्या चार काळ्या पट्ट्या. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं वाचून काढलं. अकराव्या पानावर आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"अकरा महिने?" त्या म्हणाल्या.

"हो बाई. शिक्का माझा आहे. माझी चूक झाली."

मास्तरीणबाई पहिल्या पानाकडे वळल्या. "आणि या पट्ट्यांखाली कोण आहे?"

"ते नाही सांगता येणार."

"मी तुला सातवीला शिकवलंय."

"हो बाई. तरीही नाही."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे रोखून पाहिलं, पूर्वी फळ्यावर उत्तर लिहून झालं की बघायच्या तसं. मग कागद घडी करून पिशवीत टाकले. "बस खाली," त्या म्हणाल्या. त्यांच्या वर्गात ज्याचं बरोबर आलं, त्यालाच बसायला मिळायचं.

पुढच्याच आठवड्यात रबरी पट्ट्या बसल्या आणि शनिवारी सकाळी पत्रे निघाले. कुणी बोलावलं नव्हतं, तरी दोन्ही काठांवर ही गर्दी. साहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की उशीर कचेरीचा आहे, आणि लोक रागावण्याच्या तयारीत असतानाच त्यांनी बाजूला होऊन वाट मोकळी केली, त्यामुळे रागावायचं राहूनच गेलं. मास्तरीणबाई पहिल्या निघाल्या. पुलाच्या मध्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी पाय आपटून पाहिला. आवाज नाही. पुन्हा आपटला. नाही. पलीकडून बहीण ओरडली, "ये की लवकर!" आणि सगळ्या गर्दीने एका सुरात उत्तर दिलं, "आल्या, आल्या!"

फळ्या खडखडत नाहीत हे लोकांच्या लक्षात आलं, तसं रबरी पट्ट्यांचं कौतुक सुरू झालं. मास्तरीणबाईंची प्रत तोवर घरोघर फिरली होती. त्यात लिहिलेला तो 'एक नागरिक' कोण? कुणी कुणाचं नाव घेई, कुणी कुणाचं. तेवढ्यात कुणीतरी पुलाजवळच्या टेलरकाकांकडे बोट दाखवलं.

टेलरकाका क्षणभर गोंधळले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, सगळे चेहरे कौतुकाने आपल्याकडे वळलेले पाहिले, आणि त्यांची छाती हळूहळू पुढे आली.

"आता तुम्ही म्हणताच आहात तर," ते म्हणाले, "अहो, आमचा धंदाच तो. कापडाला अस्तर लावतो, मग फळ्यांना का नको?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काजळबाईचा नुसता जळफळाट झाला. खरं नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ओठ घट्ट मिटून ती उभी राहिली. तिने गर्दीत नर्सला शोधलं. नर्स टेलरकाकांच्या अगदी समोर उभी होती आणि सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होती.

"ताई, घेऊ दे त्यांना," काजळबाई जवळ आल्यावर ती कुजबुजली. तिचे डोळे हसत होते. "तुम्ही फाईल दाखवून गेलात, तेव्हापासून मी आठ-आठ तास झोपतेय."

मास्तरीणबाई पलीकडच्या टोकाहून मागे वळल्या होत्या. वळशाशिवाय येता-जाता येतं याची खात्री करून घ्यायला त्या पूल चौथ्यांदा ओलांडत होत्या. काजळबाईशेजारी येऊन थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अस्तराचं वगैरे ठीक आहे. पण मला सांग, खरंच तो टेलरच आहे का?"

"बाई," काजळबाई कालव्यापलीकडे बोट दाखवत म्हणाली, "तुमच्या बहिणीने पत्ते वाटलेत. जा लवकर, नाहीतर तुमचे बघेल ती."